मारुती ८०० चे झिजलेले इंजिन घरी बांधताना

१९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार झालेली मारुती ८०० सोलापूरच्या रस्त्यांवर अजूनही दिसते, आणि इंजिनाचे काम स्वतःच्या हाताने करून पाहण्याची ज्याला हौस आहे त्याने याच गाडीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ६८.५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), बिडाचा ब्लॉक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड, अशी तिच्या इंजिनाची सरळ रचना आहे. सुटे भाग मिळतात, अडल्यास विचारायला जाणकार मिस्त्री सापडतो, आणि इंजिन इतके आटोपशीर आहे की घरामागच्या शेडमध्ये त्याचे सगळे काम मावते.

मात्र ‘घरी इंजिन बांधणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवून घ्यावे. बोअर मारणे, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करणे, व्हॉल्व्हच्या सीट (बैठका) कापणे आणि हेडचे फेसिंग (पृष्ठ सपाट करणे) ही कामे यंत्रावरची आहेत. ती लेथवाल्यानेच करावीत. घरी करायची ती खोलणे, धुणे, मोजणे आणि पुन्हा जोडणे ही कामे. यांतील धुणे आणि मोजणे यांनाच गॅरेजमध्ये सर्वांत कमी वेळ मिळतो, कारण तिथे दुसरी गाडी दारात उभी असते. हौशी माणसाकडे कौशल्य कमी असले तरी वेळ भरपूर असतो, आणि तो वेळ त्याने याच दोन कामांवर खर्च करावा.

इंजिन खरोखर झिजले आहे का?

पाना हातात घेण्यापूर्वी दुखणे ओळखावे. सकाळी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एकच लोट येऊन पुढे धूर स्वच्छ होत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात आणि केवळ हेडचे काम पुरते. चढावर पाय दिला की सतत निळा धूर येतो, ऑइल वरचेवर कमी होते आणि इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढले तर तिथून धूर फकफक बाहेर पडतो, अशी लक्षणे असतील तर रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि बोअर झिजले आहेत असे समजावे. पांढरा धूर, रेडिएटरमधील घटणारे पाणी आणि डिपस्टिकला लागलेली दुधाळ साय ही हेड आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग उडाल्याची खूण आहे.

अंदाज पक्का करण्यासाठी कॉम्प्रेशन गेज लावावा. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडून ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि चांगल्या चार्ज असलेल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरसाठी पाच-सहा फेरे स्टार्टर मारून आकडा लिहून घ्यावा. त्यानंतर प्लगच्या भोकातून लहान चमचाभर इंजिन ऑइल सोडून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा लक्षणीय वाढला तर ऑइलने रिंगा आणि बोअर यांमधील फट भरून काढली, म्हणजे दोष रिंगांकडे आहे. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंगकडे पाहावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत आकडा सारखाच पडलेला असेल आणि ऑइल टाकूनही वाढत नसेल, तर त्या दोघांमधले पॅकिंग जळालेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा वेळी संपूर्ण इंजिन उतरवण्याची घाई करू नये.

हंगाम, जागा आणि हत्यारे

सोलापुरात हे काम दिवाळीनंतर काढावे आणि फेब्रुवारीच्या आत संपवावे. पावसाळ्यात नुकत्याच होन केलेल्या (दगडाने बारीक घासलेल्या) बोअरवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो, आणि मार्चपासून उडणारी धूळ उघड्या क्रँकवर कितीही झाकले तरी बसतेच. उन्हाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे, पण तो मोजमापाच्या ओघात येईल. लेथवाल्याला ब्लॉक देण्याचा दिवस ठरवताना जानेवारीतील गड्ड्याची जत्रा लक्षात ठेवावी. त्या दिवसांत काम वेळेवर मिळेल अशा भरवशावर राहू नये.

शेडमध्ये इंजिन उचलण्यासाठी चेन पुली लागते. पत्र्याच्या शेडचा अँगल हा वाऱ्या-पावसासाठी केलेला असतो, वजन टांगण्यासाठी नव्हे, म्हणून पुली स्वतंत्र तिकाटण्याला किंवा भाड्याने आणलेल्या घडीच्या क्रेनला लावावी. इंजिन लटकलेले असताना त्याच्याखाली हातसुद्धा घालू नये.

हत्यारांमध्ये गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, टॉर्क पाना, फिलर गेज, ०-२५, २५-५० आणि ५०-७५ मिमीचे बाहेरचे मायक्रोमीटर, डायल बोअर गेज, सरळ कडेची पोलादी पट्टी आणि रिंग कॉम्प्रेसर इतके तरी असावे. बोअर गेज विकत घेणे परवडत नसेल तर उसना आणावा. डिजिटल व्हर्नियरवर मात्र भागवू नये, कारण त्याच्या पडद्यावर ०.०१ मिमीचा आकडा दिसत असला तरी त्याची प्रत्यक्ष अचूकता तितकी नसते. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे हे हत्यार मिळवण्याइतकेच आवश्यक आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो आणि नव्या पान्यावर न्यूटन-मीटरची खूण असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, हे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले तरी चालेल.

खोलणे

बॅटरी काढावी, पेट्रोलची नळी सोडून तिचे तोंड बंद करावे, कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढून घ्यावे. गिअर ऑइल आधी काढले नाही तर ड्राइव्ह शाफ्ट ओढताच ते फरशीवर येते. जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. बॉनेट उतरवून इंजिन गिअरबॉक्ससह वर उचलावे आणि गिअरबॉक्स बाहेर आल्यावर वेगळा करावा.

प्रत्येक वायर आणि नळी सोडण्यापूर्वी तिचा फोटो काढावा आणि दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिकटपट्टी लावावी. बोल्ट एकाच डब्यात टाकू नयेत. ज्या भागाचे बोल्ट त्याच भागाच्या नावाच्या पिशवीत जावेत, कारण वॉटर पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात आणि लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर तळाशी टेकून आटे काढतो. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर एकच आडवी रेघ ओढावी. टायमिंगच्या खुणा जुळवून, १ नंबरचा पिस्टन वर आणून मगच बेल्ट उतरवावा.

कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप एकमेकांत कधीही बदलू नयेत. त्या आपापल्या जागी बसवून मशीन केलेल्या असतात. क्रमांक पुसट झाले असतील तर सेंटर पंचाने बाजूला ठिपके मारावेत: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पिस्टन वर ढकलण्याआधी बोअरच्या तोंडाशी नखाने चाचपून पाहावे. झिजलेल्या इंजिनात तिथे एक कंगोरा लागतो, कारण वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच बोअर झिजतो. तो कंगोरा कापल्याशिवाय पिस्टन जोराने ठोकून काढला तर पिस्टनवरील दोन रिंगांमधला पट्टा तुटतो. पिस्टन बदलायचाच असला तरी तुकडे बोअर ओरखडतात.

बेअरिंगचे शेल (अर्धगोल पत्रे) काढून उजेडात धरावेत. चांगला शेल एकसारखा मंद राखाडी असतो. राखाडी थराखालून तांबूस रंग डोकावत असेल तर त्याचे आयुष्य संपले आहे, आणि त्यावर लांब ओरखडे असतील तर ऑइलबरोबर कचरा फिरत होता. त्याच क्रँकच्या जर्नलवरून (शेलमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावरून) नख आडवे फिरवावे. नख अडकले, तर मायक्रोमीटरचा आकडा काहीही सांगो, ग्राइंडिंग ठरलेले आहे.

धुणे

बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून साफ करण्याची पद्धत जुनी आहे आणि ती बिडाला चालते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड, पिस्टन किंवा ऑइल पंपाचे अंग त्या टाकीत गेले तर कॉस्टिक ते खाऊन टाकते. लेथवाल्याकडे काम देताना ही सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून द्यावी. हेड घरी डिझेल आणि नायलॉनच्या ब्रशने धुवावे, आणि कार्बन काढताना लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. पोलादी खरवडणीचा एक ओरखडा पॅकिंगच्या जागेवर पडला की फेसिंग पदरी येते.

ब्लॉकमधील ऑइलच्या वाहिन्यांचे प्लग काढून त्या लांब, बारीक ब्रशने आरपार साफ कराव्यात आणि मग कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकाव्यात. डोळ्यांवर चष्मा असावा. पाण्याच्या वाहिन्यांत सोलापूरच्या बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा क्षार इतका साठलेला असतो की काही ठिकाणी वाट निम्मीच उरलेली असते. आजवर रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी टाकत आलेल्या गाडीचे इंजिन तापते ते बऱ्याचदा यामुळेच, आणि नवे पिस्टन घालून हा क्षार तसाच ठेवला तर नवे पिस्टनही तापून घासतील. क्षार तारेने आणि ब्रशने खरवडून काढावा, आणि नंतर कायम डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचे मिश्रणच भरावे.

पुसायच्या फडक्याबद्दल सोलापूरकराला वेगळे सांगावे लागते, कारण इथे घरोघरी जुनी चादर आणि टर्किश टॉवेल सहज हाताशी असतात. अंग पुसायला ते उत्तम, पण त्यांचे सुटे तंतू ऑइलबरोबर फिरून चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातल्या) जाळीवर साठतात आणि ऑइल पंपाची उपासमार होते. इंजिनाच्या आतल्या भागांसाठी शंभर वेळा धुऊन विरलेले धोतराचे किंवा सुती साडीचे कापड वापरावे, चादर फरशीवर अंथरावी.

मोजणे

प्रत्येक बोअर तीन उंचींवर मोजावा: वर रिंगच्या टोकाशी, मध्ये आणि खाली. प्रत्येक उंचीवर एक माप क्रँकच्या दिशेने आणि एक तिला काटकोनात घ्यावे. तीन सिलिंडरांची अठरा मापे होतात. वरचे आणि खालचे माप यांतील फरक म्हणजे टेपर, आणि एकाच उंचीवरच्या दोन मापांतील फरक म्हणजे अंडाकृती झीज. ०.१० मिमीच्या आसपास फरक गेला असेल तर नुसत्या रिंगा घालून ‘हाफ इंजिन’ करण्यात पैसे वाया जातात. नव्या रिंगा गोल असतात आणि बोअर गोल नसतो, म्हणून त्या बसतच नाहीत. नेमकी मर्यादा आपल्या मॅन्युअलमध्ये पाहावी.

पिस्टनचे माप पिनला काटकोनात, स्कर्टवर, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर घ्यावे. पिस्टन मुद्दाम अंडाकृती घडवलेला असतो, त्यामुळे इतर कुठे मोजल्यास आकडा फसवा येतो. क्रँकची प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजावी. बेअरिंगमधील फट प्लास्टिगेजने (दाबली की चपटणाऱ्या मऊ पट्टीने) तपासावी: जर्नलवर पट्टीचा तुकडा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळावी, पुन्हा सोडावी, आणि चपटलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या खुणांशी ताडावी. कॅप आवळलेली असताना क्रँक फिरवू नये.

आता उन्हाबद्दल. यंत्रकामातील मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, आणि सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. समजा, ब्लॉक रात्रभर खोलीत गार पडला आहे आणि पिस्टन ओसरीवर उन्हात राहून त्याच्यापेक्षा २० अंशांनी तापला आहे, तर ६८.५ मिमीचा तो पिस्टन सुमारे ०.०२७ मिमीने मोठा मोजला जाईल. या आकाराच्या इंजिनात पिस्टन आणि बोअर यांमधील फटच साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी असते. म्हणजे माप घेणाऱ्याचा हात कितीही सावध असला तरी त्याला फट जवळजवळ नाहीच असे दिसेल, आणि तो लेथवाल्याला नसलेला दोष दाखवेल. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि बोअर गेज हे सारे एकाच खोलीत रात्रभर ठेवावेत आणि मापे पहाटे, पंखा बंद करून घ्यावीत. मायक्रोमीटर मुठीत धरून गप्पा मारू नयेत. हाताची ऊब त्यालाही पुरते.

लेथवाल्याकडे

सोलापुरात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) तयार होतात आणि ते परदेशी वाहन कंपन्यांना जातात, त्यामुळे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणजे काय हे समजणारी माणसे या गावात कमी नाहीत. तरीही कारखान्यातील अचूकता आणि लहान दुकानातील अचूकता एक नव्हे, म्हणून दुकान निवडताना तिथे बोअर गेज वापरात दिसतो की खुंटीला धूळ खात लटकतो, हे पाहून घ्यावे.

बोअर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज करायचा ठरल्यास पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि ब्लॉकबरोबर द्यावेत. बोअर पिस्टनवर लिहिलेल्या आकड्याला नव्हे, प्रत्यक्ष पिस्टनला जुळवून मारायचा असतो. किती फट हवी ते चिठ्ठीवर लिहावे, आणि होनिंगच्या जाळीदार रेघा एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत असेही सांगावे. ऑइल धरून ठेवते ती हीच जाळी. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान असतो, पण त्यात रिंगा बसत नाहीत. क्रँक ग्राइंड केल्यावर ऑइलच्या भोकांच्या कडा गुळगुळीत केल्या आहेत का, तेही घरी आणण्याआधी बोटाने पाहावे.

हेडचे पृष्ठ पोलादी पट्टी आणि फिलर गेजने लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर तपासावे, ०.०५ मिमीचे पाते पट्टीखालून सहज जात असेल तर फेसिंग करून घ्यावे. गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीत) व्हॉल्व्ह डुलत असेल तर आधी गाइड बदलावे, मग सीट कापावी. उलट क्रमाने केलेले काम पुन्हा करावे लागते. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे) मात्र घरी करावे. दोन तळहातांत लाकडी दांडी घुसळत, थोडी पेस्ट लावून, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून दिशा बदलत राहिले की सीटवर एकसारखा, न तुटलेला मंद पट्टा उमटतो. पेस्ट पूर्ण धुतल्यावर व्हॉल्व्ह व स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतावे आणि काही मिनिटे खालची बाजू पाहावी. एकही थेंब झिरपता कामा नये.

जोडणे

बोअर मारून आणलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण त्याच्या जाळीदार रेघांत होनिंगच्या दगडाची बारीक पूड रुतलेली असते. ती डिझेलने किंवा पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ नायलॉनचा ब्रश घेऊन बोअर घासावेत, पाणी बदलून पुन्हा घासावेत, आणि मग पांढरे कापड ऑइलमध्ये बुडवून आत फिरवावे. कापडावर करडा डाग येणे थांबेपर्यंत धुणे चालू ठेवावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी या दिवसासाठी पिंप भरून ठेवावे. ब्लॉक कोरडा होताच, चहालाही न थांबता, बोअरला ऑइलचा हात द्यावा.

रिंग घालण्याआधी ती एकटी बोअरमध्ये ठेवून, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने पाहावी. ६८.५ मिमीच्या बोअरला वरच्या रिंगसाठी ०.२ ते ०.३ मिमी ही सर्वसाधारण फट योग्य असते. फट कमी असेल तर कानस एकाच दिशेने, बाहेरून आत चालवावी. रिंगवरील अक्षराची खूण वर यावी, तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ नयेत, आणि पिस्टनच्या माथ्यावरील बाण क्रँक पुलीच्या बाजूला असावा. मेन कॅपवरील बाणाची दिशाही तीच.

शेलची पाठ आणि तिची बैठक कोरडी ठेवावी, ऑइल फक्त जर्नलच्या बाजूला लावावे. थ्रस्ट बेअरिंगच्या अर्धचंद्रांच्या खाचा क्रँकच्या भिंतीकडे तोंड करून असाव्यात. प्रत्येक मेन कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. एखादी कॅप आवळताच तो जड झाला, तर दोष त्याच कॅपखाली आहे हे लगेच कळते. सगळ्या आवळून झाल्यावर फिरवणाऱ्याला मात्र चारही पुन्हा खोलाव्या लागतात.

हेडच्या बोल्टची भोके ब्लॉकमध्ये तळाशी बंद असतील, तर त्यांत ऑइल किंवा पाणी साचू देऊ नये. बोल्ट आवळताना ते द्रव दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या क्रमानेच आवळावेत. चेंबरला सिलिकॉन सीलंट लावताना हात आखडता ठेवावा, कारण आत ओघळलेला सीलंट पुढे जाळीवरच सापडतो. ऑइल पंप बसवण्यापूर्वी त्याच्या दातांत पेट्रोलियम जेली भरावी, म्हणजे पहिल्याच फेऱ्यांत तो ऑइल खेचतो. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. मध्ये काही अडले तर जोर न लावता थांबावे. प्लगच्या वायरी १-३-२ या क्रमाने लावाव्यात.

पहिली सुरुवात आणि पुढचे हजार किलोमीटर

प्लग न लावता आणि कॉइल सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारावा. त्यानंतरच प्लग लावून इंजिन सुरू करावे, तेही शेडच्या बाहेर, मोकळ्या हवेत. दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. सुरुवातीला एक्झॉस्टवर सांडलेल्या ऑइलचा धूर येतो, त्याने घाबरू नये. कूलंटची पातळी आणि पंख्याचे चालू-बंद होणे मात्र नजरेआड करू नये.

नव्या रिंगा बोअरमध्ये बसतात त्या वायूच्या दाबाने, म्हणून गाडी दारात तासन्‌तास आयडलवर ठेवण्याची पद्धत हिताची नाही. सोलापूरहून अक्कलकोटचा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता बराचसा सपाट आहे आणि या कामाला सोयीचा आहे: मध्यम वेग घ्यावा, थोडा जोर द्यावा, पाय सोडून गाडी आपोआप मंदावू द्यावी, आणि हेच वरचेवर करावे. तुळजापूरचा घाट, चार माणसे आणि सामान, हे नंतरसाठी ठेवावे. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावेत, काढलेले ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात हलवून पाहावे. बारीक राखाडी झाक चालते, पण चकाकणारे कण किंवा तांबूस चुरा दिसला तर चेंबर उतरवून बेअरिंग तपासावेत. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फटही याच वेळी पुन्हा लावावी.

झिजलेला ब्लॉक टाकून दुसरा वापरला असेल तर इंजिन क्रमांक बदलतो, आणि तो बदल आरटीओकडे नोंदवून आरसीवर आणणे आवश्यक असते; त्यासाठी ब्लॉकचे बिल जपून ठेवावे. एमएच-१३ च्या बहुतेक मारुती ८०० गाड्यांची पंधरा वर्षे उलटलेली असल्याने नोंदणीच्या नूतनीकरणाच्या तपासणीतही हाच क्रमांक पाहिला जातो.

१,००० किलोमीटर झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे आणि खोलण्याआधी लिहिलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत. तिन्ही सिलिंडर १ किलोच्या (प्रति चौरस सेंटीमीटर) आत जुळत असतील तर रिंगा बसल्या. एखादा मागे असेल तर आधी त्याच्या टॅपेटची फट तपासावी, कारण लॅपिंगनंतर व्हॉल्व्ह किंचित वर सरकून फट कमी होते आणि तो पूर्ण बंद होत नाही. फट बरोबर असूनही आकडा मागेच राहिला, तर आणखी ५०० किलोमीटर चालवून पुन्हा मोजावे आणि त्यानंतरच हेडला हात लावावा.